आश्वासन मोजू नका, मागितलेली सत्ता मोजा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत जेवणाच्या पंगतीत एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला प्रश्न टाकला. 'भाऊ, ही विधानसभा, ही कोर्टकचेरी, सगळे चार वर्षे बाजूला ठेवायचे. एक खमक्या माणूस बसवायचा आणि त्याच्या हाती पुरा अधिकार द्यायचा. कापसाला एका हंगामात भाव मिळतो की नाही, सांगा.' पंगतीतल्या पाचसहा जणांनी माना डोलावल्या. पोराचा राग खोटा नव्हता. त्याच्या घरात कापूस पडून होता आणि सोसायटीची नोटीसही येऊन पडली होती. भाकरी खाता खाता देण्यासारखे ते उत्तर नव्हते, म्हणून आम्ही तेव्हा गप्प राहिलो. आज त्याचे उत्तर देतो.

हा प्रयोग कोणी नुसता कल्पनेत केलेला नाही. तो झालेला आहे, आणि कापूस पिकवणाऱ्यांवरच झालेला आहे. साल 1933, देश अमेरिका. अमेरिकेचे आपल्याला काय, असे म्हणू नका. 1861 ते 1865 या काळात तिथे यादवी युद्ध झाले, त्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपले आणि इथले भाव कोसळले. तिथला कापूस आणि इथला कापूस एकाच तराजूत तोलला जातो, हे आपल्या खापरपणज्यांनी सोसलेले आहे.

सालगड्याचा करार

आधी एक फरक ध्यानात घ्या. आपले राष्ट्रपती संसदेपुढे जे अभिभाषण वाचतात, ते मंत्रिमंडळाने तयार केलेले असते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मात्र स्वतःच मुख्य कारभारी. त्यामुळे त्याचे भाषण हा नुसता समारंभ नसतो, ते मागणीपत्र असते. मला अमुक करायचे आहे, त्यासाठी मला एवढी सत्ता हवी, असा त्याचा अर्थ.

ही सत्ता मोजायची कशाने? त्यांच्या घटनेने. ती 1787 साली लिहिली गेली. लिहिणाऱ्यांनी परक्या राजाचा जाच नुकताच भोगला होता. म्हणून त्यांनी केंद्र सरकारला मोकळे रान दिले नाही. संसदेला, म्हणजे त्यांच्या काँग्रेसला, कोणकोणत्या विषयांवर कायदे करता येतील याची यादीच दिली. 1791 साली दहावी दुरुस्ती झाली. केंद्राला जे दिलेले नाही आणि राज्यांना जे मना केलेले नाही, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहील, असे तीत स्पष्ट लिहिले. कायदा करायचा काँग्रेसने, राबवायचा राष्ट्राध्यक्षाने, तपासायचा न्यायालयाने. राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसला देशाची हालहवाल सांगावी आणि उपाय सुचवावेत. त्याची शपथसुद्धा पाहा. देशाला श्रीमंत करीन अशी ती शपथ नाही. घटना राखीन, सांभाळीन, तिचे रक्षण करीन, अशी आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही घटना म्हणजे पाडव्याला सालगड्याशी केलेला करार. काम काय, साल किती, मोबदला किती, सगळे ठरलेले. गडी कितीही कामसू असला, तरी करारात नसताना कणगीची किल्ली आपण त्याच्या हाती देत नाही. सरकार हा जनतेचा सालगडी आहे. मर्यादित सरकार म्हणजे दुबळे सरकार नव्हे. करारातले काम करणारे आणि करारात राहणारे सरकार.

यावरून कुठल्याही राष्ट्राध्यक्षाच्या भाषणाला चार प्रश्न विचारता येतात. पहिला, मागितलेला अधिकार करारात कुठे लिहिला आहे? दुसरा, हा माणूस कायदा सुचवतो आहे की स्वतःच करायला निघाला आहे? तिसरा, ही सत्ता परत कोणत्या तारखेला मिळणार? चौथा, एखादा शेतकरी 'मला हे मान्य नाही' म्हणाला, तर त्याचे काय होणार?

4 मार्च 1933

आता ते भाषण. 1929 साली अमेरिकेत कापसाला पौंडामागे सोळा-सतरा सेंट भाव होता. 1932 साली तो साडेसहा सेंटांच्या आसपास आला. चार कामकऱ्यांमागे एक बेकार. जागोजागी बँका बंद. शेतांचे लिलाव चाललेले. अशा वेळी 4 मार्च 1933 रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि भाषण केले. घराघरांतल्या रेडिओवर ते ऐकले गेले. भीतीलाच तेवढे भ्यायचे, बाकी कशाला नाही, हे त्यांचे म्हणणे लोकांच्या काळजाला भिडले. शेतमालाचे भाव वाढवण्याचे प्रयत्न करू, छोट्या घरांवरची आणि शेतांवरची जप्ती थांबवू, असेही ते म्हणाले. सांगा, आपण तिथे असतो तर टाळ्या वाजवल्या नसत्या? आम्ही तरी वाजवल्या असत्या.

पण त्याच भाषणाच्या शेवटी दुसरी एक गोष्ट होती. आपली घटना इतकी साधी आणि व्यवहारी आहे की, मूळ रूप न मोडता तिची मांडणी गरजेप्रमाणे बदलता येते, असे ते म्हणाले. काँग्रेसने उपाय केले तर ठीक. नाही केले आणि संकट टळले नाही, तर संकटाशी युद्ध करण्यासाठी मी काँग्रेसकडे व्यापक अधिकार मागेन. परकी फौज देशात घुसली असती तर जेवढे अधिकार मिळाले असते, तेवढे. हा त्या मागणीचा आशय.

चार प्रश्न लावून पाहू. दुसऱ्या प्रश्नावर रूझवेल्ट बऱ्यापैकी उतरतात. त्यांनी सत्ता बळकावण्याची भाषा केली नाही, काँग्रेसकडे मागण्याची केली. हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. त्याच काळात युरोपात काही पुढारी न मागताच सत्ता घेत होते. पण पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही. मंदी आली की राष्ट्राध्यक्षाला युद्धकाळाइतकी सत्ता मिळेल, असे त्या करारात कुठेही लिहिलेले नाही. तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे तारखेला, उत्तर नाही. आणि 'नाही' म्हणणाऱ्याचे काय, हा चौथा प्रश्न तर भाषणात निघालाच नाही. युद्धाची उपमा वापरली की असेच होते. युद्धात 'नाही' म्हणणारा फितूर ठरतो.

उभ्या पऱ्हाटीत नांगर

पुढे काय झाले ते ऐका. 9 मार्चला बँकांविषयीचा आणीबाणीचा कायदा आला आणि त्याच दिवशी मंजूर झाला. बहुतेक सदस्यांना तो वाचायलाही मिळाला नव्हता. 5 एप्रिलला हुकूम निघाला: घरातले सोने, म्हणजे नाणी आणि लगडी, 1 मेपर्यंत जमा करा. दागिने आणि थोडी नाणी तेवढी वगळली होती. मोडणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. औंसाला 20 डॉलर 67 सेंट या दराने सोने घेतले आणि जानेवारी 1934 मध्ये सरकारने तोच दर 35 डॉलर केला. आपल्याकडे व्यापाऱ्याने हंगामात माल घेऊन पुढे भाव चढवला की आपण त्याला काय म्हणतो?

12 मे 1933 रोजी शेतीचा कायदा आला. माल कमी पिकला की भाव चढतील, हे त्याचे सूत्र. पण कापूस तर पेरून झाला होता. मग सरकारने पैसे देऊन उभ्या पऱ्हाटीत नांगर घालायला लावला. सुमारे एक कोटी एकर कापूस मोडला गेला. खेचरांना जन्मभर ओळीतल्या झाडावर पाय द्यायचा नाही असे शिकवलेले. ती पिकावर पाऊल टाकीनात, अशी आठवण तिकडे सांगतात. ज्याने बैलांना डवऱ्याला जुंपून शिकवले आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

भाव वाढला का? वाढला. 1933 च्या पिकाला दहा सेंटांच्या आसपास भाव मिळाला. हे लपवून आम्ही बोलणार नाही. पण पैसे जमीनमालकाच्या नावाने आले. बटईने कसणाऱ्यांपर्यंत त्यातले थोडेच पोचले. जमीन पड ठेवायची म्हटल्यावर त्यांची गरजच उरली नाही. हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. 1934 च्या जुलैत आर्कान्सा राज्यातल्या टायरोन्झा गावी काळ्या आणि गोऱ्या बटईदारांनी मिळून आपली संघटना उभी केली, ती या जाचातून.

पहिल्या वर्षी करार ऐच्छिक होता. 1934 च्या एप्रिलमध्ये दुसरा कायदा आला. आता प्रत्येकाला कापसाचा कोटा. कोट्याबाहेरच्या कापसावर जिनिंगच्या वेळी बाजारभावाच्या निम्मा कर. त्यावर डिसेंबरात शेतकऱ्यांचे मतदान घेतले आणि दहांपैकी जवळजवळ नऊ जण 'हो' म्हणाले. तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? लोकांनीच मान्य केले! इथेच मर्यादित सरकारचे मर्म आहे. घटना नऊ जणांसाठी लिहावी लागत नाही, ते आपले आपण पाहून घेतात. घटना त्या दहाव्यासाठी असते. आणि कोणत्या वर्षी आपण दहावे असू हे कोणालाच ठाऊक नसते.

कोर्ट, आणि ओहायोचा एक शेतकरी

6 जानेवारी 1936 रोजी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी 1933 चा शेती कायदा रद्द ठरवला. शेतीचे नियमन हा विषय केंद्राच्या यादीत नाही. कर लावून आणि पैसे वाटून मागच्या दाराने तो अधिकार घेता येणार नाही, असा निकाल. त्यानंतर कापसाच्या कोट्याचा कायदाही काँग्रेसने मागे घेतला.

1936 च्या निवडणुकीत रूझवेल्ट प्रचंड मतांनी पुन्हा निवडून आले. फेब्रुवारी 1937 मध्ये त्यांनी योजना मांडली: नऊ न्यायाधीशांच्या जोडीला आणखी सहापर्यंत नेमण्याचा अधिकार मला द्या. म्हणजे कौल आपल्याला हवा तसा. सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचे भरघोस बहुमत होते. तरी जुलैत सिनेटने ती योजना बाजूला सारली. स्वपक्षाच्या लोकप्रिय नेत्याला 'इथे तुमची हद्द संपली' असे सांगणारे लोक त्या सभागृहात निघाले. आम्हाला त्या साऱ्या काळातला हा सर्वांत मोठा दिवस वाटतो.

पण पुढे न्यायालयाची भूमिका बदलली आणि न्यायाधीशही बदलत गेले. 1938 साली शेतीचा नवा कायदा आला. ओहायो राज्यात रॉस्को फिलबर्न नावाचा एक शेतकरी होता. गाई, कोंबड्या, दूध, अंडी हा त्याचा धंदा. गव्हासाठी त्याला 11.1 एकरांची परवानगी होती, त्याने 23 एकर पेरला. जादा पिकला 239 बुशेल, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे 65 क्विंटल. आपला गहू तो गाईकोंबड्यांना घालायचा, घरी दळायचा, बियाण्याला ठेवायचा, थोडा विकायचा. सरकारने बुशेलला 49 सेंट दंड लावला, एकूण 117 डॉलर 11 सेंट. तो कोर्टात गेला. नोव्हेंबर 1942 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तोवर बहुतेक न्यायाधीश रूझवेल्ट यांनीच नेमलेले होते. कारण काय दिले? राज्याराज्यांमधल्या व्यापाराचे नियमन केंद्राच्या यादीत आहे. घरचा गहू वापरणारा बाजारातून गहू घेत नाही. अशा सगळ्यांचा एकत्र परिणाम व्यापारावर होतो. म्हणून घरच्या वापराच्या गव्हालाही कोटा लागू.

मंडळी, 1933 च्या भाषणात शेतकऱ्याला भाव देण्यासाठी सत्ता मागितली होती. नऊ वर्षांनी तीच सत्ता शेतकऱ्याच्या कोंबड्यांसमोरचे दाणे मोजत होती. आणि तारखेचे म्हणाल, तर 1973 साली सिनेटच्या समितीला असे आढळले की, 9 मार्च 1933 पासून देश कागदोपत्री सतत आणीबाणीतच आहे! या आणीबाण्यांना वेसण घालणारा कायदा 1976 साली झाला. घरात सोने बाळगण्याची बंदी उठायला 1974 चा डिसेंबर संपावा लागला.

मर्यादा दोन्ही बाजूंनी

आता कोणी म्हणेल, म्हणजे सरकारने संकटात हात बांधून बसायचे का? त्याचेही उदाहरण त्याच देशात आहे. 1887 साली टेक्सासमध्ये दुष्काळ पडला. शेतकऱ्यांना बियाण्यासाठी दहा हजार डॉलर देण्याचा ठराव काँग्रेसने केला. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी 16 फेब्रुवारीला तो नाकारला. असा खर्च करण्याचा अधिकार मला घटनेत दिसत नाही, सरकारला लोकांनी पोसायचे असते, लोकांना सरकारने नव्हे, असे त्यांनी कळवले. ऐकायला कठोर आहे. बियाण्यावाचून पडलेले रान आम्ही पाहिले आहे, त्यामुळे हे वाचताना आमचाही घास अडकतो. मदत केंद्राच्या तिजोरीऐवजी राज्याने आणि समाजाने करावी, ही त्यांची भूमिका. ती पटो न पटो, पण पुढचे ऐका. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच क्लीव्हलँड यांनी काँग्रेसला पाठवलेला सगळा वार्षिक संदेश एकाच विषयाला वाहिला: आयातकर कमी करा. त्या करांमुळे शेतकऱ्याला कारखान्याचा माल महाग पडत होता. म्हणजे हा माणूस शेतकऱ्याला बियाणे नाकारत होता, पण कारखानदारासाठी शेतकऱ्याच्या खिशात घातलेला सरकारचा हातही काढायला सांगत होता. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले.

मर्यादेची खरी परीक्षा ही. देताना घटना आठवायची आणि घेताना विसरायची, हे ढोंग झाले. 1930 साली आयातकर प्रचंड वाढवणारा कायदा अमेरिकेने केला, इतर देशांनी उलट कर लावले, आणि ज्या कापसाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशी जायचा त्याचे गिऱ्हाईक आटले. आधी सरकारनेच वाट अडवली, मग भाव पडला म्हणून सरकारनेच नांगर घालायला लावला. तिथे पऱ्हाटी मोडली आणि ब्राझीलने कापसाचा पेरा वाढवला.

पंगतीतल्या प्रश्नाचे उत्तर

आपल्याकडे काय वेगळे झाले? 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. व्यापाऱ्याच्या लुटीतून सोडवतो, असेच सांगितले गेले. काही वर्षी बाहेरच्यापेक्षा बरा भाव मिळाला, हे आम्ही नाकारत नाही. पण जवळजवळ तीस वर्षे आपलाच कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेला की आपण चोर ठरत होतो. ज्वारीची लेव्ही आठवणारे म्हातारे इथे बसले आहेत, त्यांना विचारा.

आणि हे आम्ही बाहेरून बोलत नाही. कृषीची पदवी घेऊन आम्ही काही वर्षे नोकरी केली. वरून लक्ष्यांक यायचा: अमुक वाण, इतके हेक्टर. जमीन मुरमाड आहे, पाऊस बेभरवशाचा आहे, हे बांधावर उभे राहिल्यावर दिसायचे. तरी रकाना भरायचा म्हणून आम्ही ते वाण शेतकऱ्याच्या गळी उतरवले. त्यातली काही पिके वाळली. आमचा हेतू वाईट नव्हता. पण हाती अधिकार आणि डोळ्यांपुढे लक्ष्यांक असला, की चांगल्या माणसालाही समोरचे शेत दिसेनासे होते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत बजावले होते की, धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. कितीही थोर माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, हा इशारा त्यांनी आपल्याला घटना हाती देतानाच दिला.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचे उत्तर असे. होय, खमक्या माणसाला पुरा अधिकार दिला तर एका हंगामात भाव चढू शकतो. अमेरिकेत चढला. पण तो हंगाम संपतो आणि अधिकार उरतो. पुढचा माणूस खमक्या असेल, पण आपला नसेल. तेव्हा 'नाही' म्हणायला आपल्याजवळ कोर्ट नसेल, सभागृह नसेल, आणि ते आपणच बाजूला ठेवलेले असेल.

भाव मागणे हा आपला हक्क आहे, तो आपण सोडणार नाही. पण मागताना वाट मोकळी करा असे मागू. आमच्या वतीने सगळी वाट तुम्हीच चाला, असे म्हणणार नाही. आता गावी गेल्यावर एक काम करा. पुढचा कोणताही मोठा नेता भाषणाला उभा राहील, तेव्हा वहीत चार रकाने पाडा: अधिकार कुठे लिहिला आहे, कायदा कोण करणार, परत कधी देणार, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचे काय. टाळ्या नंतर वाजवा, आधी रकाने भरा. चारही भरले तर आम्हीही तुमच्याबरोबर टाळ्या वाजवू. एक जरी कोरा राहिला, तर सभा संपायच्या आत उठून तो प्रश्न विचारा. नेता आपलाच असला तरी विचारा. आम्ही या व्यासपीठावरून बोलत असलो, तरीही विचारा.